जुहूतली जुनी एआय

मार्च २०२४मध्ये केंद्राने ‘इंडिया एआय मिशन’साठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा आमच्या कट्ट्यावर जो तो म्हणाला, “झाली बुवा सुरुवात!” मी म्हटलं, थांबा. १९८२मध्ये जपानने पाचव्या पिढीच्या संगणकाचा घाट घातला, तशी दिल्लीलाही जाग आली. १९८६मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ज्ञानाधारित संगणकांचा, म्हणजे एआयचाच, कार्यक्रम काढला. मद्रासच्या आयआयटीकडे तज्ज्ञप्रणाली, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेकडे प्रतिमा, कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेकडे बोलणं आणि आमच्या जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेकडे भाषा. ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे. सरकारी कामात इतका शहाणपणा विरळाच. जपानी प्रकल्प पुढच्या दशकात आटोपला. एनसीएसटी पुढे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत विलीन झाली, आणि कट्ट्यावरच्या एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं.