न नोंदलेला नर

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाचा नर कुणाला चावत नाही. फुलांच्या मधावर त्याचे भागते. रक्त लागते ते मादीला, अंड्यांसाठी. म्हणजे डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका या साऱ्या रोगांच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : डासाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे ठरवते कोण? हे ठरवणारे जनुक, या डासाचा जीनोम २००७ साली प्रसिद्ध झाला तेव्हा जनुकांच्या यादीत नव्हतेच.

प्रश्न मात्र जुना होता. माणसात एक्स आणि वाय ही गुणसूत्रे वेगळी दिसतात. या डासाच्या तीन जोड्या नर-मादीत जवळपास सारख्याच. १९४७ साली गिलख्रिस्ट आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांनी क्युलेक्स जातीच्या डासांची पैदास करून दाखवले, की नरपण एखाद्या एकट्या जनुकासारखे बापाकडून मुलाकडे जाते. (हेच हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले.) एडिसमध्येही तसेच आढळले. पहिल्या गुणसूत्रावरच्या त्या जागेला ‘एम’ म्हणू लागले. पत्ता होता, पण तिथे राहतो कोण ते ठाऊक नव्हते.

मलेरियाच्या ॲनोफिलिस गॅम्बीचा जीनोम २००२ साली वाचून झाला : सुमारे २७ कोटी ८० लाख अक्षरे. एडिसचा त्याच्या जवळजवळ पाचपट निघाला, १३७ कोटींहून अधिक. पण अक्षरे वाचली म्हणजे अर्थ लागला असे नाही. जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. तिथे ओळ सलग लिहिलेली असते आणि शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचे. जीनोमचा असा पदच्छेद करणे, म्हणजे इथे जनुक सुरू होते, इथे संपते, मधला हा भाग गाळायचा, आणि त्याचे काम बहुधा अमुक, अशी नोंद करणे, यालाच ॲनोटेशन म्हणतात. मी त्याला टिपण म्हणतो. पहिले टिपण संगणक करतो. फळमाशीसारख्या आधी अभ्यासलेल्या कीटकांच्या जनुकांशी तो जुळवून पाहतो. तो चुकतोही : एकाच जनुकाचे दोन तुकडे दोन जनुके म्हणून मांडतो, कधी एकच जनुक दोनदा मोजतो. रोगवाहक कीटक आणि गोचिड्यांची ही टिपणे एकत्र ठेवण्यासाठी अमेरिकी सरकारच्या पैशावर २००४ साली ‘व्हेक्टरबेस’ हा संग्रह सुरू झाला. एखाद्या जनुकावर वर्षानुवर्षे काम केलेल्या अभ्यासकाने त्याची नोंद हाताने दुरुस्त करावी, अशीही सोय तिथे केली गेली. या दुरुस्त्यांचे श्रेय फारसे कुणाला मिळत नाही, हे माझे मत.

२००७च्या यादीत एडिसची १५,४१९ जनुके होती. पण या डासाच्या जीनोमचा निम्म्याच्या आसपास भाग हा त्याच त्या मजकुराच्या आवृत्त्यांचा आहे. तेव्हाची यंत्रे काही शे अक्षरांचे तुकडे वाचत आणि मग ते जोडले जात. एखादी अभंगाची वही फाटली आणि हातात नुसत्या धृपदाच्या चिठ्ठ्या आल्या, तर कोणती चिठ्ठी कोणत्या कडव्याखालची हे कसे सांगणार? ‘एम’ची जागा अशाच आवृत्त्यांनी भरलेली आहे. ती नीट जुळलीच नाही. आणि जे जुळलेल्या प्रतीत नाही, त्यावर टिपण कोण लिहिणार? यादीत शोधणाऱ्याला ते जनुक सापडणे शक्यच नव्हते.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील झिजियान तू, झॅक ॲडेलमन आणि सहकाऱ्यांनी यादी बाजूला ठेवली. नरांचा डीएनए वेगळा वाचला, मादीचा वेगळा, आणि नरात आहे पण मादीत नाही असे काय, ते पाहिले. २०१५ साली त्यांनी जाहीर केलेल्या जनुकाचे नाव ‘निक्स’. ते मोडले तेव्हा नरांना मादीसारख्या विरळ मिशा आल्या. मादीत ते चालू केले तेव्हा तिला नराची जननेंद्रिये आली.

तरी ‘निक्स’ पूर्ण वाचायला २०१८ उजाडले. झिकाच्या साथीनंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या लेस्ली व्हॉसहॉल यांच्या पुढाकाराने अनेक प्रयोगशाळांनी मिळून या डासाचा जीनोम लांब तुकड्यांत पुन्हा वाचला. तेव्हा ‘एम’ची जागा सुमारे १५ लाख अक्षरांची निघाली, आणि ‘निक्स’च्या पोटात गाळायचा मजकूर भरला तो जवळपास एक लाख अक्षरांचा. एवढे अंतर ओलांडून दोन टोके एकाच जनुकाची आहेत हे जुन्या पद्धतीने कळणे कठीणच होते. याच प्रतीमुळे वास-चव ओळखणाऱ्या ग्राहकांच्या एका कुळाची संख्या आधीच्या दुप्पट भरली. (काळ्या पायांच्या अमेरिकी गोचिडीचा, इक्सोडिस स्कॅप्युलॅरिसचा, २०१६ साली प्रसिद्ध झालेला जीनोम तर २१० कोटी अक्षरांचा, आणि त्यातला सुमारे ७० टक्के भाग आवृत्त्यांचाच. तिथले काम अजून पुष्कळ बाकी आहे.)

२०२० साली तू यांच्याच गटाने एकटे ‘निक्स’ मादीच्या वंशात घातले. मादी व्हायची ती संतती नर झाली, तिला पुढे पिल्लेही झाली. फक्त हे नर उडू शकत नव्हते. उडण्यासाठी नराला लागणारे ‘मायो-सेक्स’ हे जनुक त्याच ‘एम’च्या जागेत, ‘निक्स’च्या शेजारी असते, आणि ते यांच्यापाशी नव्हते.