जुने मराठी फॉन्ट आणि ऑटोकरेक्ट

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ऑटोकरेक्टची सोय 1993 साली, वर्ड 6.0 बरोबर आली. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप कॅपिटल करणे आणि टायपिंगच्या नेहमीच्या चुका जागच्या जागी सुधारणे, ही तिची मुख्य कामे. इंग्रजीत ती उपयोगी पडली. मराठी टायपिंग करणाऱ्यांना मात्र ती बंद करूनच कामाला बसावे लागे.

याचे कारण त्या काळच्या मराठी फॉन्टांच्या घडणीत होते. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे प्रमाण (आयएस 13194) आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही 1991 सालचे. पण वर्ड किंवा पेजमेकर यांना देवनागरी कळत नव्हती. त्यामुळे पुण्यातील सी-डॅकने आणि श्रीलिपी बनवणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकने रोमन फॉन्टच्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. पडद्यावर मराठी दिसे, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे साठत. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी.

राज्य शासनाच्या कागदपत्रांत बराच काळ वापरला गेलेला सी-डॅकचा सुरेख फॉन्ट हे याचे चांगले उदाहरण आहे. त्यात ‘ण’ म्हणजे लहान एच आणि पुढे दंडाचे चिन्ह. ‘त’ म्हणजे लहान आय आणि तोच दंड. कॅपिटल आयच्या जागी ‘क्ष’ होता. लहान बी म्हणजे ‘ड’चा मुख्य भाग, कॅपिटल बी म्हणजे ‘ए’. लहान व्ही ‘ध’चा, कॅपिटल व्ही ‘ज’चा.

आता ‘मु. पो. वाढवण, ता. डहाणू, जि. ठाणे’ हा साधा पत्ता पाहावा. पूर्णविराम आणि मोकळी जागा दिसली की वाक्य संपले, असे ऑटोकरेक्ट धरून चाले, ‘ता.’ आणि ‘जि.’ ही संक्षेपरूपे त्याच्या अपवादांच्या तयार यादीत नसत. ‘वाढवण’ मधला ‘व’ आघातचिन्हाच्या जागी होता. त्याला कॅपिटल रूप नाही, म्हणून ते नाव वाचे. ‘ठाणे’ही त्याच कारणाने सुटे. ‘डहाणू’चा ‘ड’ मात्र बी या अक्षराच्या जागी असल्याने तिथे ‘एहाणू’सारखे काहीतरी उमटे, आणि तालुका तलासरी असेल तर ‘क्षलासरी’. एकाच ओळीत दोन नावे शाबूत आणि एक मोडलेले. कारण ठाऊक नसलेल्याला ही टायपिस्टची चूक वाटणे साहजिक होते.

शोधण्याच्या सोयीतही हाच पेच होता. लहान-मोठे अक्षर वेगळे मानण्याची खूण केली नसेल, तर ‘तर’ शोधताना ‘अक्षर’मधले ‘क्षर’ही सापडे. ‘सगळीकडे बदला’ म्हटले की चांगले शब्दही बिघडत. अवतरणचिन्हांचेही तसेच. कृतिदेव या आणखी एका जुन्या फॉन्टात ‘श’ आणि ‘ष’ यांचे अर्धे भाग सरळ अवतरणचिन्हांच्या जागी होते. वर्डने ती चिन्हे वळणदार केली की खालचा संकेतच बदले.

उपाय साधा होता. टूल्स मेनूतून ऑटोकरेक्टची चौकट उघडायची, कॅपिटलच्या खुणा काढायच्या, अवतरणचिन्हांची आपोआप बदलणारी सोय थांबवायची, शब्दांखालच्या लाल रेघा नको असतील तर स्पेलिंग तपासणीही बंद करायची. अडचण एवढीच, की हे बदल त्या संगणकापुरते राहत, दस्तऐवजाबरोबर जात नसत. एका ठिकाणी नीट टाइप झालेली फाइल दुसऱ्या संगणकावर दुरुस्तीला गेली, की तिथे नव्याने टाइप केलेल्या ओळी पुन्हा बिघडत.

विंडोज 2000 मध्ये मंगल फॉन्टसह युनिकोड देवनागरी आली. तिच्यात लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही, त्यामुळे कॅपिटलचा प्रश्न मुळातून मिटला. छपाईच्या धंद्यात मात्र जुने फॉन्ट टिकले, कारण पेजमेकरच्या 7.0 या शेवटच्या मोठ्या आवृत्तीतही युनिकोड मराठीची सोय नव्हती.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारे रूपांतरक फक्त संकेत वाचतात. मूळ फाइलमध्ये कॅपिटल बी असेल, तर ते प्रामाणिकपणे ‘ए’च लिहितात. डहाणू ज्यात येते तो पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या अशा फाइलींत डहाणूचा उल्लेख शोधताना ‘जि. ठाणे’ हा पत्ता धरावा लागतो आणि तालुक्याचे मोडलेले रूपही शोधून पाहावे लागते.