गळाची मासेमारी (गोंदिया जिल्हा)

काठी, दोरी, गळ आणि आमिष एवढ्या सामग्रीवर एकेक मासा पकडण्याची रीत. कोकणात हिला ‘गरवणे’ आणि गळाला ‘गरी’ म्हणतात. पोटासाठी मासे धरणाऱ्याचा भर जाळ्यावर असतो. गळ टाकणाऱ्याकडे वेळ असावा लागतो आणि मासा या क्षणी काय करत असेल याचा अंदाज लागतो, म्हणून जगभर या प्रकाराला खेळाचे स्थान मिळाले. भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचे गाजलेले जुने इंग्रजी पुस्तक, हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’, 1873 मध्ये निघाले.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे, पण पाण्याला तोटा नाही. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने तलाव, सुमारे सात हजार, आणि त्यांतले बरेच या पट्ट्यात. ते बांधण्याचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजाला जाते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. मराठी वाचकाला त्याची ओळख करून दिली ती वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली यांनी. याशिवाय गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आहे, वैनगंगा, वाघ आणि चुलबंद या नद्या आहेत आणि धानाच्या बांध्यांलगतच्या लहान लहान बोड्या आहेत.

गरम पाण्यातल्या गळाचे नियम बहुधा किनाऱ्यावरून सांगितले जातात. कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी बसणारा माणूस आधी तिथी बघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. तांब किंवा जिताडा हवा असेल तर जिवंत कोळंबी गळाला लावून पाणी चढण्याची किंवा उतरण्याची वाट बघायची. तिथे पाणी सतत हलते, ढवळते, म्हणून उष्णतेचा जाच कमी. गोंदियाच्या तलावाला भरती नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, पाणी आटत उथळ होते आणि जागच्या जागी तापते.

अशा पाण्यात माशाची भूक प्राणवायूवर ठरते. 20 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात पाणवनस्पतींनी भरलेला तलाव असला तर दिवसा त्या प्राणवायू सोडतात, पण रात्रभर त्याही श्वसन करून तो वापरतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी. ‘पहाटे मासा हमखास लागतो’ हा गळवाल्यांचा लाडका समज इथेच फसतो. उन्हाळ्यात पहाटे रोहू-कटला पाण्यावर तोंड काढून धापा टाकत असतात, नाकासमोर आमिष धरले तरी ढुंकून बघत नाहीत. ऊन वर येऊन वनस्पतींचे काम सुरू झाले की त्यांना भूक आठवते.

त्याच पहाटे मरळ मात्र मजेत असते. ती वर येऊन थेट हवेतून श्वास घेते, आणि त्यावर इतकी अवलंबून असते की वर येऊच दिले नाही तर पाण्यातच गुदमरते. शिंगीलाही हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. म्हणून तापलेल्या, गढूळ बोडीत शेवटपर्यंत गळाला लागणारे मासे हेच. मरळ ही शिकारी. तिला जिवंत लहान मासा, झिंगा किंवा बेडूक लागतो. कमळाच्या पानांतून बेडूक टुणटुण ओढत न्यायचा, पानाखालून धडक बसली तरी लगेच हिसका द्यायचा नाही. आता रबरी बेडूकही मिळतात आणि मरळ त्यांनाही फसते. शिंगी आणि वाम यांना गांडूळ पुरते, तेही तळाला टेकलेले आणि शक्यतो अंधार पडल्यावर. शिंगी गळातून सोडवताना मात्र सांभाळावे लागते. तिच्या छातीजवळच्या परातला काटा विषारी असतो आणि तो लागला की हात ठणकतो.

रोहू, कटला आणि मृगळ यांचे तंत्र निराळे. कटल्याचे तोंड वर वळलेले, कारण तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यासाठी आमिष विरघळणारे हवे. भाताचा बारीक कोंडा आणि ढेप यांचा भुसभुशीत गोळा गळाभोवती ढगासारखा पसरला की कटला तो ढग गिळायला येतो आणि गळही गिळतो. रोहू मधल्या थरात चरतो, त्याला कणकेचा मऊ गोळा चालतो. मृगळाला तोच गोळा चिखलाला टेकवून द्यावा लागतो. ‘सायप्रिनस’ या नावाने बाजारात विकला जाणारा परदेशी मासा उकडलेल्या मक्याच्या दाण्यावर येतो. 1952 मध्ये भारतात आणलेली तिलापिया कशावरही येते आणि मोठ्या माशासाठी मांडलेला डाव बिघडवते.

ढेप कोणती, हे बघणे महत्त्वाचे. मोहाच्या ढेपेतले सॅपोनिन माशांना मारक असते. मत्स्यशेतीत नको असलेले मासे काढायला ती वापरतात, म्हणजे आमिष म्हणून तिचा उपयोग शून्य. मासे मारण्यासाठी पाण्यात विष कालवणे किंवा सुरुंग उडवणे 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने गुन्हा ठरवले आहे.

पहिल्या पावसात चित्र पालटते. ओढ्यांतून आलेल्या गढूळ पाण्याबरोबर गांडुळे आपोआप वाहून येतात, त्यामुळे या दिवसांत गांडुळाला तोड नाही. गढुळात मासा डोळ्यांपेक्षा वासावर येतो. याच काळात मरळीची वीण होते. नारिंगी पिल्लांचा घोळका पाण्यावर खळखळत असतो आणि खाली आई-बाप पहारा देतात. ते भुकेने नव्हे तर रागाने आमिषावर तुटून पडतात. अशी मरळ धरणे सोपे असते, पण ती गेली की पिल्लांना राखणारे कोणी उरत नाही. याला खेळ म्हणणे कठीण.

पावसानंतर, सप्टेंबरअखेरपासून थंडी पडेपर्यंत, तलाव भरलेले आणि पाणी निवळलेले असते. धानाला पाणी देण्यासाठी तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याचे दार, उघडले की वाहत्या धारेकडे मासे सरकतात. भरती-ओहोटीच्या सर्वांत जवळचा प्रकार इथे हाच. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडते, मासा सुस्तावतो, आणि गळ टाकायची वेळ दुपारपर्यंत लांबते.

या तलावांतले मासे पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाच्या उपजीविकेचे साधन आहेत. मासेमारीचे ठेके बहुतेक ठिकाणी त्यांच्या सहकारी संस्थांकडे असतात, म्हणून हौशी माणसाने काठी टाकण्याआधी तिथे विचारणे आवश्यक ठरते. नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर परवानगीविना गळ चालतच नाही. 1957 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले आणि रोहू-कटल्याचे बीज तलावांत सोडणे सुकर झाले. त्यांच्या भाऊगर्दीत स्थानिक मासे मागे पडले, काठावर बेशरम नावाचे तण माजले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवरांच्या साथीने, विशेषतः ढिवर स्त्रियांच्या कष्टाने, बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले. अशा तलावात तळाला सोडलेला कणकेचा गोळा वनस्पतींत बुडून दिसेनासा होतो. तिथे तरंगा खाली गळाकडे सरकवून दोरी आखूड करतात आणि गांडूळ वनस्पतींच्या शेंड्यांवर लोंबते ठेवतात.