सायकोथेरपी : परिणाम कसा तपासतात, बंधने कोणती?

सायकोथेरपी म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीशी नियमित होणाऱ्या संवादातून केलेला मानसोपचार. रक्तदाबासारखा आकडा येथे हाती येत नाही. त्यामुळे उपचार लागू पडतो आहे की नाही, हे बहुतेकदा उपचारकाच्या अंदाजावरच सोडले जाते. हा अंदाज किती फसवा असतो, हे २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. त्यातील ५५० जणांपैकी ४० जणांची स्थिती उपचारांअखेर अधिक खालावली होती. उपचारकांनी तसे भाकीत केले होते केवळ तिघांबाबत.

यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येक सत्रापूर्वी रुग्णाकडून छोटी प्रश्नावली भरून घेतली जाते. नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-९’मध्ये नऊ प्रश्न आणि ० ते २७ गुण असतात. गुण उतरत नसतील, तर उपचाराची दिशा बदलण्याची वेळ आली, असे मानले जाते.

गुणवत्तेची देखरेख केवळ तज्ज्ञांनाच जमते, हा समज गोव्याने खोडून काढला. ‘संगाथ’ या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रे घेतली. ते एकमेकांच्या सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकून त्यांना गुण देत. ‘द लॅन्सेट’मधील निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

नैतिकतेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक असते. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यावर मात्र दीर्घकाळ तशी अट नव्हती. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकांना राज्य परिषदांच्या नोंदणीच्या कक्षेत आणले. उपचारकाचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. रुग्णाशी मैत्री, आर्थिक व्यवहार किंवा शारीरिक जवळीक व्यावसायिक आचारात बसत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. जिवाला धोका, इतरांना इजा होण्याची शक्यता किंवा न्यायालयाचा आदेश अशा प्रसंगी त्याला अपवाद आहे. हे अपवाद पहिल्याच सत्रात सांगितले जाणे अपेक्षित असते.