विश्वास कसा ओसरला? अमेरिकन नागरिक आणि त्यांचे शासन (१९६४ ते १९८०)

प्रस्तावना

वॉशिंग्टनमधील शासन योग्य तेच करील, असा भरवसा तुम्हाला कितपत वाटतो? हा प्रश्न अमेरिकेत १९५८ पासून जनमत पाहण्यांमध्ये विचारला जात आहे. १९६४ मध्ये ‘नेहमी’ किंवा ‘बहुतेक वेळा’ असे उत्तर देणारे ७७ टक्के होते. १९७४ मध्ये ते ३६ टक्क्यांवर आले आणि १९८० मध्ये सुमारे एक चतुर्थांश उरले. या घसरणीचे श्रेय सहसा वॉटरगेट प्रकरणाला दिले जाते. परंतु १९७२ च्या अखेरीस, म्हणजे त्या प्रकरणाचे खरे स्वरूप उघड होण्यापूर्वीच, हा आकडा ५३ टक्क्यांपर्यंत उतरला होता. म्हणून कारणांचा शोध व्हिएतनामपासून घ्यावा लागतो.

व्हिएतनाम : सांगितलेले आणि घडलेले

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन नौकांवर दोनदा हल्ला झाल्याचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या शासनाने जाहीर केले. पहिला हल्ला झाला होता. दुसरा झालाच नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. त्या माहितीच्या आधारे प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईचे व्यापक अधिकार दिले. त्यानंतर विजय जवळ आल्याचे लोकांना वारंवार सांगितले गेले. जानेवारी १९६८ अखेरच्या ‘टेट’ आक्रमणाने दक्षिण व्हिएतनामची शहरे हादरली. हे आक्रमण परतवले गेले, पण शासनाच्या दाव्यांवरचा विश्वास परतला नाही. ३१ मार्च रोजी जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याची घोषणा केली.

जून १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संरक्षण खात्याचा गोपनीय अभ्यास, म्हणजेच ‘पेंटॅगॉन पेपर्स’, छापण्यास प्रारंभ केला. तो डॅनियल एल्सबर्ग यांनी वृत्तपत्राकडे पोहोचवला होता. युद्धाविषयी शासन आतून काय मानत होते आणि बाहेर काय सांगत होते, यातील अंतर आता शासनाच्याच कागदांतून दिसले. प्रकाशन रोखण्याची शासनाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी फेटाळली.

वॉटरगेट : लपवाछपवीची परंपरा

ही माहितीगळती थांबवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कार्यालयाने एक गुप्त पथक नेमले. त्यातील काही जणांनीच पुढे वॉटरगेट इमारतीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरण्याची योजना आखली. १७ जून १९७२ रोजी तेथे पाच जण पकडले गेले. म्हणजेच वॉटरगेटची मुळे व्हिएतनामविषयीच्या गुप्ततेतही होती.

नोव्हेंबरमध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकले. पण पत्रकारांचा पाठपुरावा, सिनेट समितीची दूरदर्शनवरून दाखवलेली सुनावणी आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील ध्वनिफितींचा शोध यांमुळे प्रकरण वाढत गेले. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफिती सादर करण्याचा एकमताने आदेश दिला. ९ ऑगस्टला निक्सन पदावरून दूर झाले. महिनाभरात नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी दिली. कायदा सर्वांना सारखा नाही, अशी अनेकांची भावना झाली.

विश्वास मुळात कोणाचा होता?

सरासरीचा आकडा सर्वांचा अनुभव सांगत नाही. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सरकारी आरोग्यसेवेने १९३२ पासून ४० वर्षे सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचे केवळ निरीक्षण केले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही. हे १९७२ मध्ये उघड झाले. १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर एफबीआयने ठेवलेली पाळत उजेडात आणली. अशा समूहांचा अविश्वास हा गैरसमज नव्हता, तो अनुभवातून आला होता.

परिणाम

या अविश्वासातून दोन वाटा फुटल्या. पहिली वाट उत्तरदायित्वाची. १९७३ चा युद्धाधिकारविषयक ठराव, १९७४ मध्ये माहिती स्वातंत्र्याच्या कायद्यात झालेली सुधारणा आणि १९७८ चा शासकीय नीतिमत्तेचा कायदा ही तिची फळे होत. दुसरी वाट शासनसंस्थेलाच नाकारण्याची. १९८१ मध्ये शपथविधीच्या भाषणात रोनाल्ड रेगन यांनी तत्कालीन संकटाचा उपाय शासन नसून शासन हीच समस्या असल्याचे म्हटले. महागाई आणि बेकारीने त्रासलेल्या लोकांना ते पटण्याजोगे होते.

समारोप

वृत्तपत्रे, न्यायालये आणि काँग्रेस यांनी आपापले काम केले म्हणूनच सत्य बाहेर आले. तरीही विश्वास परतला नाही, कारण लोकांना दोष दिसला तितकी दोष उघड करणारी यंत्रणा दिसली नाही. प्रश्न विचारणारा अविश्वास लोकशाहीला सावध ठेवतो. ‘सगळे सारखेच’ म्हणून पाठ फिरवणारा अविश्वास मात्र खोटे बोलणाऱ्या नेत्यालाच मोकळीक देतो. या काळाचा अभ्यास करताना हा फरक लक्षात ठेवावा.

विचारार्थ प्रश्न

१. वॉटरगेटपूर्वीच शासनावरील विश्वास का घटू लागला होता?
२. निक्सन यांचे पदावरून जाणे हे व्यवस्थेचे अपयश मानावे की यश? सकारण लिहा.