नांदण्याची सक्ती : रखमाबाईंचा खटला, १८८४ ते १८८८

१/ ४ मार्च १८८७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फॅरन यांनी बावीस वर्षांच्या एका तरुणीसमोर दोन पर्याय ठेवले. नवऱ्याच्या घरी नांदायला जावे, अन्यथा सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगावा. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. आजचा धागा त्या रखमाबाईंविषयी आणि त्यांच्या नकाराने कायद्याला विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

२/ आधी पार्श्वभूमी. रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे कुटुंब सुतार ज्ञातीचे होते आणि त्या ज्ञातीत विधवाविवाहाला मज्जाव नव्हता. ‘हिंदू स्त्री’ या एकाच शब्दाखाली सर्व जातींच्या चालीरीती झाकून टाकण्याची सवय आपल्याला आहे. हा खटला वाचताना ती बाजूला ठेवावी.

३/ डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत त्यांचाही समावेश होता. घरात पुस्तके होती, सुधारणेची चर्चा होती. तरीही अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न झालेच. वर होते दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले.

४/ दादाजींनी घरजावई म्हणून राहावे, शिकावे, काही व्हावे, अशी अपेक्षा होती. ते शिकले नाहीत. रखमाबाई मात्र घरी बसून, मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके वाचून इंग्रजी शिकल्या. वयात आल्यावर लगेच मुलीला नवऱ्याच्या स्वाधीन करण्यास सखाराम अर्जुन यांचा विरोध होता. त्यामुळे लग्न झाले, पण संसार असा सुरू झालाच नाही.

५/ मार्च १८८४ मध्ये दादाजींची वकिली नोटीस आली : बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाईंनी नकार दिला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दाव्याचे नाव होते ‘वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना’. दादाजींचे म्हणणे असे की, रखमाबाईंच्या नावावर असलेल्या वडिलांच्या मिळकतीसाठी माहेरचे लोक तिला अडकवून ठेवत आहेत. रखमाबाईंनी दादाजींचे दारिद्र्य, त्यांची ढासळलेली प्रकृती आणि त्या घरातले वातावरण पुढे मांडले. त्याहून मूलभूत मुद्दा एकच होता : ज्या वयात मला संमतीचा अर्थही कळत नव्हता, त्या वयात झालेल्या लग्नाने मी बांधली जाऊ शकत नाही.

६/ आता खटल्याच्या गाभ्याकडे वळू. ‘पुनःस्थापना’ हा उपाय मुळात हिंदू कायद्यातला नव्हता. तो इंग्लंडच्या धार्मिक न्यायालयांतून आलेला. तिथे पती किंवा पत्नी विनाकारण वेगळे राहू लागल्यास चर्चचे न्यायालय त्यांना एकत्र राहण्याचा हुकूम देई. ब्रिटिश न्यायाधीशांबरोबर हा दावा भारतात आला आणि हिंदू, मुसलमान, पारशी अशा सर्वांच्या विवाहांना लागू केला जाऊ लागला.

७/ २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला : दावा फेटाळला. त्यांचे तर्कशास्त्र सरळ होते. जे कधी स्थापनच झाले नाही, त्याची पुनःस्थापना कशी होणार? इंग्रजी कायदा सज्ञान वयात, स्वेच्छेने विवाह केलेल्यांसाठी आहे. अजाणत्या वयात लग्न झालेल्या, कधीही सहवासात न राहिलेल्या स्त्रीला बळाने एका पुरुषाच्या हवाली करणे हे क्रौर्य होईल. हिंदू कायद्यातही अशा सक्तीला आधार त्यांना आढळला नाही.

८/ या निकालाआधी तीन महिने, २६ जून १८८५ रोजी, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर एक पत्र प्रसिद्ध झाले होते. सही होती ‘एक हिंदू स्त्री’. सप्टेंबरात सक्तीच्या वैधव्यावर दुसरे पत्र आले. ही लेखिका म्हणजे रखमाबाईच. लग्नाने मुलाचे शिक्षण क्वचितच थांबते, मुलीचे मात्र तिथेच संपते, हे दुःख त्यांनी स्वतःच्या अनुभवातून मांडले. त्यांच्या पाठीशी उभे राहणारे सखाराम अर्जुन त्याच वर्षी एप्रिलमध्ये निवर्तले होते, हेही लक्षात असू द्या.

९/ पिन्हींच्या निकालावर वादळ उठले. लोकमान्य टिळक आणि त्यांच्या मताच्या मंडळींचे म्हणणे होते की, परक्या सरकारच्या न्यायाधीशाने हिंदू धर्मात हात घातला आहे, आणि इंग्रजी शिक्षणाने बिघडलेल्या एका मुलीच्या हट्टापायी विवाहसंस्था धोक्यात येत आहे. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी आणि सुधारक उभे राहिले. न्यायालयात रखमाबाईंच्या वतीने काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते.

१०/ इथे क्षणभर थांबून विसंगती पाहा. धर्माच्या रक्षणासाठी ज्या दाव्याची पाठराखण चालली होती, तो दावाच विलायती होता. परकीय हस्तक्षेप नको म्हणणारे परकीय न्यायालयाकडे, परकीय कायद्याखाली, एका स्त्रीला तुरुंगात धाडण्याची मागणी करत होते. धर्मशास्त्राने पत्नीला कर्तव्य सांगितले असेल; पण ते पार पाडून घेण्यासाठी बेलिफ आणि कारागृह वसाहतवादी राज्याने पुरवले.

११/ दुसरी विसंगती त्याहून तीव्र आहे. खुद्द इंग्लंडमध्ये, अशा हुकुमाचा भंग केल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ च्या कायद्याने रद्द झाली. म्हणजे दादाजींची नोटीस आली त्याच वर्षी. भारतात मात्र १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम २६० नुसार ती शिक्षा कायम राहिली. जे लंडनमध्ये कालबाह्य ठरले, ते मुंबईत जिवंत होते.

१२/ दादाजींनी अपील केले. मार्च १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला. सहवास आधी झाला होता की नाही, हा भेद त्यांनी मानला नाही. आणि हिंदू विवाहाला वधूची सज्ञान संमती लागतच नसल्याने, संमती नव्हती हा बचावही टिकला नाही. खटला पुनर्विचारासाठी परत आला आणि फॅरन यांच्यासमोर तो सुरुवातीला सांगितलेला निकाल लागला.

१३/ तारखांचा एक योगायोग मनात रुतून बसतो. त्या निकालाच्या जेमतेम आठवडाभर आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. नवऱ्याच्या आग्रहाने शिकून डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंसाठी महाराष्ट्र हळहळला. नवऱ्याला नकार देणाऱ्या रखमाबाईंना त्याच समाजाकडून अशी सहानुभूती सर्वत्र मिळाली नाही. स्त्रीचे शिक्षण एकवेळ मान्य होते. तिचा स्वतंत्र निर्णय मान्य नव्हता.

१४/ मग त्या तुरुंगात गेल्या का? नाही. ‘राणी व्हिक्टोरियाने त्यांचे लग्न मोडले’ ही गोष्ट समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. तिच्यावर विश्वास ठेवू नका. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. घटस्फोट झाला नाही. ज्या कायद्याविरुद्ध लढा होता, तो कायदाही हरला नाही. एका स्त्रीने आपली सुटका विकत घेतली, एवढेच.

१५/ हे कटू वाटेल, पण इतिहास वाचताना ते महत्त्वाचे आहे. दोन हजार रुपये उभे करू शकणारे घर, नामवंत वकील आणि लंडनपर्यंत पोहोचणारी लेखणी ज्यांच्यापाशी नव्हती, अशा स्त्रियांचे काय झाले असेल? हक्क आणि सवलत यांतला फरक इथे आहे. हक्क सर्वांना मिळतो. सवलत ज्याला परवडते त्यालाच.

१६/ १८८९ मध्ये रखमाबाई वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना बळ दिले. १८९४ मध्ये पात्रता मिळवून त्या परतल्या आणि सुरत व नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे काम केले. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचा पांढरा वेश स्वीकारला, असे चरित्रकार सांगतात. ते त्यांनी का केले, याचे तयार उत्तर आपण त्यांच्या तोंडी घालू नये. ज्यांच्या निवडीच्या हक्कासाठी आपण बोलतो, त्यांची आपल्याला न रुचणारी निवडही त्यांचीच असते.

१७/ कायद्याचे पुढे काय झाले? १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. त्याआधीच्या वादात रखमाबाईंचे नाव सतत होते. पुनःस्थापनेच्या हुकुमासाठीची तुरुंगवासाची तरतूद मात्र भारतात १९२३ मध्ये रद्द झाली. इंग्लंडनंतर तब्बल एकोणचाळीस वर्षांनी.

१८/ आणि आता शेवटची तारीख. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याने हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. पण त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये ‘पुनःस्थापने’चा दावाही कायम राहिला. चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, रखमाबाईंचे निधन झाले.

१९/ १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले : सहवास कोणाशी करायचा हा व्यक्तीचा खासगी निर्णय आहे, राज्याचा नव्हे. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध मानले. मोडू पाहणारा संसार सावरण्याचा तो एक मार्ग आहे, असा त्यामागचा विचार होता. आज तुरुंगवास नाही, फार तर मालमत्तेची जप्ती. हा दावा पतीही करू शकतो आणि पत्नीही. पण कलम आहे.

२०/ पदव्युत्तर वर्गात हा खटला प्रथम वाचला तेव्हा मला तो सुधारक विरुद्ध सनातनी असा सरळ सामना वाटला होता. आज तो तसा वाटत नाही. सनातनी, इंग्रज न्यायाधीश आणि कित्येक सुधारकही, स्त्री कोणाची, एवढ्याच प्रश्नावर वाद घालत होते. ती स्वतःची आहे, हे उत्तर न्यायालयात उभे राहून देणारी त्या वेळी मुख्यतः एकच व्यक्ती होती, आणि ती प्रतिवादी होती.

धागा इथे संपतो. चूक आढळल्यास जरूर दाखवून द्या, आणि आपल्या आजीपणजीच्या ‘नांदायला’ जाण्याची गोष्ट घरात कोणाला आठवत असेल तर ती आजच विचारून, लिहून ठेवा. अशा गोष्टी निवाड्यांच्या ग्रंथांत सापडत नाहीत.