म्यूकरमायकोसिस

म्यूकरमायकोसिस : म्यूकोरेलीझ गणातील कवकांमुळे होणारा विरळा परंतु घातक संसर्ग. ‘काळी बुरशी’ या नावाने तो परिचित आहे. तथापि काळा रंग कवकाचा नसून रक्तपुरवठा तुटल्याने मृत झालेल्या ऊतकांचा असतो.

ऱ्हायझोपस, म्यूकर इ. कवकांची बीजुके माती, कुजका पाला व शिळे अन्न यांत आढळतात आणि श्वासावाटे नाकात जातात. निरोगी व्यक्तीच्या श्वेत कोशिका त्यांचा नाश करतात. अनियंत्रित मधुमेह, रक्ताचा कर्करोग, अवयव प्रतिरोपण किंवा स्टेरॉइडांचा अतिवापर यांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यास ती रुजतात. कवकतंतू रक्तवाहिन्यांत शिरून रक्त गोठवितात. संसर्ग नासाकोटरांतून टाळू, डोळे व मेंदूकडे पसरतो. फुप्फुसांतही तो होतो. एका व्यक्तीपासून दुसरीस मात्र तो होत नाही.

इतिहास : फ्यूरब्रिंगर यांनी १८७६ मध्ये फुप्फुसांतील आणि पाल्टाउफ यांनी १८८५ मध्ये शरीरभर पसरलेल्या संसर्गाचे वर्णन केले. १९५० नंतरच्या दशकात अँफोटेरिसीन बी हे औषध उपलब्ध होईपर्यंत रोग बहुधा प्राणघातक ठरे.

भारतात मधुमेहींची संख्या मोठी असल्याने येथे या रोगाचे प्रमाण पूर्वीपासूनच अधिक होते. २०२१ मधील कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडांचा सढळ वापर व वाढलेली रक्तशर्करा यांमुळे त्याचा उद्रेक झाला. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना तो अधिसूचित रोग ठरविण्यास सांगितले. जुलैपर्यंत देशात ४५,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांत महाराष्ट्र व गुजरात यांचा वाटा सर्वाधिक होता.

विदर्भ व लगतच्या राज्यांतील रुग्णांचे उपचारकेंद्र असलेल्या नागपुरास याची तीव्र झळ पोहोचली. येथील शासकीय वैद्यकीय व दंत महाविद्यालयांत बाधित नासाकोटरे व जबडे काढण्याच्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. काहींचे प्राण वाचविण्यासाठी डोळाही काढावा लागला. अँफोटेरिसीनचा तुटवडा पडल्याने वाटपाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला. मेअखेर वर्धा येथील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात औषधाचे उत्पादन सुरू झाले.

मृत ऊतके तातडीने काढणे, अँफोटेरिसीन देणे व रक्तशर्करा आटोक्यात आणणे ही उपचाराची त्रिसूत्री होय. निदानास झालेला विलंब औषधाने भरून निघत नाही. म्हणून मधुमेही रुग्णाचे नाक एका बाजूने चोंदणे, गाल बधिर होणे किंवा दात हलणे ही लक्षणे क्षुल्लक मानता येत नाहीत.